उरलं काय, हवं काय

४ जानेवारी

चि. खटपट्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र परवा मिळालं. एवढा मोठा कारखानदार झालास, पण अक्षर अजून कोंबडीने शाईत पाय बुडवून कागदावर नाचावं तसंच. दोनदा वाचलं तेव्हा कुठे कळलं की तू काच म्हणतोयस, काम नव्हे. फोन का करत नाही, असं वहिनी विचारत होती म्हणे. तिला सांग, माझे कान आता फोनला दाद देत नाहीत, आणि मी ओरडून बोललेलं शेजारणीलाच आधी कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात कोणी मध्येच तोडत नाही.

आता काच. तू सुरुवात केलीस ती वडिलांच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तेलाचा एक घाणा घेऊन. तेल काढलंस, पेंड उरली, म्हणून जनावरांच्या खाद्याचा कारखाना. तेलाचा गाळ उरला, म्हणून साबण. साबणाला वेष्टन हवं, म्हणून कागद. कागद झाला, मग खोकी. खोक्यांवर छापायला शाई हवी, म्हणून शाई. आणि शाई जमते तर रंगाने काय घोडं मारलंय, म्हणून रंग. आता म्हणतोस, तेलाला बाटल्या हव्यात आणि त्या बाहेरून किती दिवस आणायच्या, म्हणून काच. उद्या बाटल्यांना बुचं हवीत म्हणून जंगल लावशील. वर्तमानपत्रं तुला उद्योगसमूह म्हणतात. आपल्याकडे याला दुसरा शब्द आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्यात माझाही हात आहे हे मला ठाऊक आहे. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते आणि तू साबणाखालचं खारं पाणी मोरीत ओतत होतास. अरे, यात ग्लिसरीन आहे, असं मी म्हणाले. त्या दिवसापासून तुला जे ओतायचं त्याच्याकडे टक लावून बघायची खोडच लागली. तेव्हा आपण दोघं तेलाच्या पालथ्या डब्याशी चहा प्यायचो आणि तू रोज दोन प्रश्न विचारायचास: उरलं काय, हवं काय. त्या डब्याचं आता लांबलचक टेबल झालंय आणि दर सकाळी सगळ्या कारखान्यांचे मुख्य त्याच्याशी बसून त्याच दोन प्रश्नांची उत्तरं देतात, असं ऐकते. कोणी दोन्ही उत्तरं दिल्याशिवाय वहिनी चहा देत नाही, हेही ऐकलं. शाबास तिची.

पण तू सत्तरीला टेकलास. थोरला आणि बबडी, दोन मुलं. दोघंही हुशार, दोघंही हट्टी. हट्ट कुठून आला ते विचारायला नको. हयातीत करतात ती वाटणी, माघारी होतं ते भांडण. कारखाने नीट दोघांत वाटून दे आणि मोकळा हो. माझा जुना हिस्सा आहे, तेव्हा माझीही सही लागेल. लागेल तिथे करीन.

प्रकृतीला जप. रागावते ती लोभानेच, हे तुला सांगायला नको. तुझाही असाच राहू दे.

तुझी,
ताई

२० जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून ही इतकी हसली की चहा उतू गेला. बुचांच्या जंगलाची कल्पना मला पटली आहे. पण सध्या काचच; भट्टी बांधून होत आली आहे.

ताई, काचेची भट्टी म्हणजे काय चीज आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आपलं बाकीचं कसं असतं? घाणा संध्याकाळी थांबवावा, सकाळी सुरू करावा. साबणाची कढई रिकामी करून धुवावी. ही भट्टी तशी नाही. एकदा पेटवली की आठ-दहा वर्षं विझवायची नाही. आजारपण, सुट्टी, संप, काहीही असो, ती जळत राहते. एका बाजूने वाळू, सोडा, चुना आणि फुटकी काच आत जाते, दुसऱ्या बाजूने मधासारखी काच बाहेर येते. मध्येच गार झाली तर आतली सगळी काच थिजून दगड होते, वरचं विटांचं छत तडकून खाली येतं, आणि मग भट्टी दुरुस्त होत नाही, ती पाडावीच लागते. बबडीने हे सगळं मला अशा थंडपणे समजावलं की मीच घाबरलो.

तुझं ऐकलं. वकिलाकडून कागद तयार करून घेतोय. तेल, खाद्य, कागद, खोकी थोरल्याकडे. साबण, शाई, रंग आणि काच बबडीकडे. एक एप्रिलपासून दोन घरं. कागद तुझ्याकडे सहीला येतील.

खरं सांगू का, बरंच झालं म्हणायचं. कारण सकाळच्या टेबलाला आताशा मजा राहिली नाही. दिवाणखान्यात माझ्या देखत थोरला म्हणाला की काच हा आपला धंदा नव्हे, ही बबडीची हौसेची भट्टी आहे. दुसऱ्या दिवशी टेबलाशी तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, उरलं काही नाही, हवं काही नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. आता रोज तेच. तिचं ऐकून थोरलाही तसंच म्हणायला लागलाय. हिला नियम मोडता येत नाही, उत्तर तर दिलं ना त्यांनी, म्हणून ती चहा देते. पण कप असा ठेवते की बशी वाजते.

लहानपणी ही दोघं एका ताटात जेवायची, ताई. असो. तू ऐकू येत नाही म्हणून फोन टाळतेस, पण पत्राला उशीर करू नकोस.

हिचा नमस्कार. तुझ्या रागावण्यावर आम्ही वाढलो, ते कमी होऊ देऊ नये.

तुझा,
खटपट्या

२ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न.

आत्या, भट्टी पेटली.

तू तीस वर्षं फळ्यावर काचेचं सूत्र लिहिलंस, म्हणून हे आधी तुला लिहिते. पेटवायला काडी ओढली आणि झालं असं नसतं. पंधरा-वीस दिवस ती अगदी हळूहळू तापवायची. विटा फुगतात, छत इंचाइंचाने वर उचललं जातं, आणि आम्ही बाहेरून लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट थोडे थोडे सैल करत राहतो. घाई केली तर छत फुटेल. एखादं मोठं जनावर झोपेतून उठतंय आणि आपण त्याच्या अंगावरचे पट्टे सोडवतोय, असं वाटायचं. मग एके दिवशी आत पाहिलं तर लाल नव्हतंच. पिवळंही नव्हतं. पांढरं होतं. निळ्या काचेतूनच बघावं लागतं, नाहीतर डोळे जातील. निळ्या काचेतून मला तळं दिसलं. आत्या, तळंच. त्यावर छोट्या लाटा होत्या.

पहिली बाटली वाकडी आली. ती मी तुला पाठवत नाही, कारण तू ती कपाटात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवशील.

आता जे लिहिते ते बाबांना सांगू नकोस. भट्टी गॅसवर चालते. गॅस नदीपलीकडून मोठ्या नळीने येतो. तो कधी बंद पडला तर वेळ मारून नेण्यासाठी जळणाच्या तेलाची टाकी असते. ती भरलेली असायला हवी. माझी अर्ध्याहून कमी आहे. आपल्या सगळ्या कारखान्यांचं जळणाचं तेल दादाच्या कोठारातून येतं, म्हणजे मला सकाळी टेबलाशी बसून म्हणावं लागेल की हवं. सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. त्याने हौसेची भट्टी म्हटल्यानंतर मी त्याच्याकडून थेंब मागणार नाही. एप्रिलमध्ये वाटणी झाली की माझं कोठार वेगळं होईल, मग भरून घेईन. चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

तू असं काही लिहू नकोस की मला लाज वाटेल. लोभ मात्र नेहमीपेक्षा थोडा जास्त कर, मला तो सध्या लागतो.

तुझी,
बबडी

९ मार्च

चि. बबडीस,

अ. उ. आ.

तुला लाज वाटेल असंच लिहिणार आहे.

तळ्याचं वर्णन वाचलं आणि पत्र मांडीवर ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. वाळू, सोडा, चुना. मी हे तीन शब्द किती पोरींकडून पाठ करून घेतले असतील! एकीलाही मी लाटांबद्दल सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. तेव्हा तुझ्याबद्दल मला काय वाटतं हे तुला कळलं असेल. ते आता बाजूला ठेव.

भट्टीला तुझा अपमान कळत नाही. तिला तेल कळतं. तीनशे माणसं त्या भट्टीवर कामाला घेतलीस, त्यांच्या घरच्या चुलीही तुझ्या भट्टीसारख्याच आहेत, त्याही विझवायच्या नसतात. तू मागायला लाजतेस, आणि तो द्यायला थांबलाय. दोघंही वाट बघताय की दुसऱ्याने आधी तोंड उघडावं. याला मान म्हणत नाहीत, याला आडमुठेपणा म्हणतात. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी म्हण आहे. तू अजून अडलेली नाहीस आणि तुझा भाऊ गाढव नाही, म्हणजे तुला तर दोन्ही बाजूंनी सोपं आहे. उद्या सकाळी टेबलाशी बस आणि म्हण, हवं. एक शब्द आहे. त्याला खर्च पडत नाही.

तुझ्या बापाला सांगणार नाही, शब्द दिला. पण टाकी भरल्याचं पत्र आलं नाही तर माझा लोभ आटेल, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
आत्या

२४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे, तेव्हा अक्षराला बोलू नकोस. सगळे ठीक आहेत, हे आधी लिहितो. आता क्रमाने सांगतो.

परवा पहाटे नदीवरच्या पुलाचा एक खांब खचला. पुलाला लागूनच गॅसची नळी येत होती, ती तुटली. गॅस कंपनीने सांगितलं, चार-पाच दिवस लागतील. पूलच नाही म्हटल्यावर पलीकडून तेलाचे टँकर येण्याचाही प्रश्न मिटला. आम्ही सकाळी टेबलाशी बसलो होतो. बबडीची खुर्ची रिकामी होती. ती आली ती भट्टीवरूनच, केस विस्कटलेले, तोंडावर राख. बसली नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, हवं.

मग ती म्हणाली, जळणाचं तेल हवं, माझ्याकडे आहे ते दुपारपर्यंत पुरेल, मी आधीच मागायला हवं होतं, मागितलं नाही. मला वाटलं, आता थोरला बोलणार. मी तर डोळेच मिटले.

थोरल्याने कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं की भट्टी नुसती गरम ठेवायला तासाला किती लागतं. तिने सांगितलं. त्याने मनात हिशेब केला आणि म्हणाला, कोठारातलं पुरणार नाही, पण माझ्या बॉयलरची टाकी काठोकाठ भरलेली आहे, गेला महिनाभर मी ती भरूनच ठेवतोय, उरलंय असं मीही टेबलावर बोललो नव्हतो. मी कागदाचं यंत्र थांबवतो, सगळं तुला घे. तुला कल्पना नाही, ताई, कागदाचं यंत्र थांबवणं म्हणजे काय! शाळेच्या वह्यांचा कागद चालू होता, लग्नसराईसारखी घाई होती. एकदा थांबवलं की पुन्हा सुरळीत व्हायला दोन दिवस जातात. यंत्र बसवल्यापासून त्याने ते आपण होऊन कधी थांबवलं नव्हतं. हिने त्याच्यापुढे दुसरा चहा ठेवला. बशी वाजली नाही.

मग जे सुरू झालं ते कसं लिहू? साबणवाले उठले, म्हणाले, माझ्याकडे तेलाचा गाळ आहे, साबण पुढच्या आठवड्यात होईल, गाळही जळतो, घ्या. रंगवाले म्हणाले, घट्ट गाळ नळीतून जाणार नाही, आम्ही तो गरम करून पातळ करून देतो, आमचं रोजचंच काम. खाद्याच्या कारखान्याच्या उसाची पातळ मळी वाहायच्या टाकीगाड्या होत्या, त्या धुऊन घेतल्या. खोकीवाल्यांची माणसं पहारी घेऊन निघाली, कारण कागदाच्या आणि काचेच्या आवारांमध्ये भिंत आहे आणि वळसा घालून गाड्या नेण्यात वेळ गेला असता. ती भिंत त्यांनी चहा गार व्हायच्या आत पाडली. तेलाच्या कारखान्याचे नळकाम करणारे त्या भगदाडातून नळ्या जोडत गेले.

आणि मी? मी टेबलाशी बसलो होतो. एकटा. सगळ्यांचे अर्धे कप समोर. मला कोणी काहीच विचारलं नाही. खटपट्याला खटपटच उरली नाही. शेवटी ही नको नको म्हणत असताना मी पाण्याच्या उंच टाकीवर चढलो.

वरून सगळं दिसलं. ताई, गेली पन्नास वर्षं मी हे एकेक करून उभं केलं. प्रत्येक वेळी समोर एकच गोष्ट असायची, एक कढई, एक यंत्र, एक शेड. सगळं मिळून कधी पाहिलंच नव्हतं. कागदाच्या धुराड्याचा धूर बारीक होत होत थांबला, तो पहिल्यांदाच थांबलेला पाहिला. खाद्याच्या गाड्या, तेलाच्या नळ्या, रंगाच्या कारखान्याची वाफ, साबणाचे लोक, सगळं एकाच दिशेला चाललेलं. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. आपापलं उरलेलं घेऊन सगळे एका हव्याकडे निघाले होते. लोक म्हणतात, हे याने उभारलं. मला ते ओळखूसुद्धा येईना. आपल्याच अंगणातल्या रोपट्याखाली उभं राहून वर बघावं आणि शेंडा दिसू नये, तसं झालं. मी वरच्या कठड्याला धरून उभा राहिलो आणि हात जोडले. कोणाला, ते माहीत नाही.

दुपारी भट्टी पांढऱ्याची नारिंगी झाली होती. छतातून चर्रचर्र असा आवाज यायला लागला होता, तो मी खाली आल्यावर स्वतः ऐकला. बबडी प्रत्येक आवाजाला दचकत होती आणि चेहऱ्यावर दाखवत नव्हती. तेलाच्या ज्वाळा लागल्या, नारिंगीची पिवळी झाली, आणि ऊन उतरायच्या सुमारास ती पुन्हा पांढरी झाली. छत टिकलं. तेव्हा थोरल्याने पहिल्यांदा निळी काच डोळ्याला लावून आत पाहिलं. इतका वेळ पाहत होता की मागे रांग लागली. मग त्याने विचारलं, याला हौसेची भट्टी कोण म्हणालं होतं? ती म्हणाली, तूच. तो म्हणाला, मग बरोबरच म्हणालो होतो; हौस करावी तर अशी.

वाटणीचे कागद मागच्या आठवड्यातच तुझ्याकडे पाठवले आहेत. एप्रिल जवळ आला. तुझा शब्द आहे, तेव्हा सही करून पाठव. मी माझी केली आहे.

दोन्ही मुलांवर आहे तसाच लोभ माझ्यावरही असू दे, मी आता जरा धाकटा झालोय.

तुझा,
खटपट्या

२ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न.

मी, थोरला. मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. बबडीने पेन हातात कोंबून खुर्चीत बसवलं आहे आणि मागे उभी आहे.

मुद्द्याचं लिहितो. गॅस परत आला. माझं यंत्र सुरू झालं. काल त्या पाडलेल्या भिंतीच्या जागी उभा होतो. एका बाजूला तिचं धुराडं, त्यातून निघणारी धग माझ्या तोंडावर येत होती. दुसऱ्या बाजूला माझा बॉयलर, कागद वाळवायला वाफ हवी म्हणून दिवसभर तेल खाणारा. तिच्याकडे धग उरते. मला धग हवी. आम्ही एवढे दिवस टेबलाशी बसून दोघंही काही नाही, काही नाही म्हणत होतो. तिच्या धुराड्यात पाणी तापवून वाफ केली आणि भगदाडातून नळीने आणली तर माझा बॉयलर बंद ठेवता येईल. खणायला सुरुवात केली आहे. आकडे सोबत आहेत. तू तपासून दे, इथे सगळे आनंदात आहेत आणि आनंदात आकडे चुकतात.

आता बबडी. आत्या, पुढचं दादाला लिहायची हिंमत नाही म्हणून पेन मी घेतलं. आम्हाला वाटणी नको आहे. बाबांना सांगायला गेलो होतो, दोनदा. दोन्ही वेळा ते म्हणाले, ताईने सांगितलंय, आता मागे फिरता येत नाही. तू सही केलीस की संपलं. त्यांना आम्ही काही सांगू शकतो, पण तुझ्या शब्दाविरुद्ध ते जाणार नाहीत, आणि तुझ्या शब्दाविरुद्ध तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं चालत नाही. तू कधी शब्द मागे घेतल्याचं कोणाला आठवत नाही, असं दादा म्हणतो. तरीही आम्ही मागतोय. हवं, आत्या.

(टाकी भरल्याचं पत्र पाठवलं नव्हतं. लोभ आटला असेल तर आता भरून घ्यावा, टाकी भरली आहे.)

तुझी दोघं

११ एप्रिल

चि. खटपट्यास,

अ. उ. आ.

तुझे कागद आले, मुलांचं पत्रही आलं. आधी मुलांचे आकडे घेतले, कारण आकड्यांची मला सवय आहे आणि माणसांची कमी.

दोन ठिकाणी चुकले आहेत. थोरल्याने नळीतून वाटेत जाणारी उष्णता धरलेलीच नाही आणि बबडीने धुराची उष्णता जास्त धरली आहे, लेकरू आपलं म्हटल्यावर आईला ते अंगापेक्षा मोठंच दिसतं. लाल पेन्सिलीने दुरुस्त करून सोबत पाठवते. दुरुस्त केल्यावर जे उत्तर आलं, त्यावर माझा विश्वास बसेना. पुन्हा केलं. तेच आलं. मग शेजारणीच्या मुलीकडून, ती कॉलेजात शिकवते, तपासून घेतलं. तिचंही तेच. तुझी काच रोज जी धग नुसती आकाशात सोडते, तिच्यावर थोरल्याच्या कागदाचा मोठा हिस्सा वाळेल, आणि जळणाचं तेल वाचेल ते वेगळंच. मी पेन्सिल हातात घेऊन तशीच बसून राहिले. चहा गार झाला. तू पाण्याच्या टाकीवर चढलास तेव्हा तुला जे झालं, ते मला माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून झालं, एवढंच सांगते. जास्त सांगत नाही, या वयात शोभणार नाही.

आता सही. कागद मी अक्षर न् अक्षर वाचले, तुझ्यासारखे नुसते शेवटचं पान उलटून नाही. त्यात लिहिलं आहे की थोरल्याचं आणि बबडीचं आवार यांची हद्द मधल्या भिंतीवरून जाते. ती भिंत आता नाही. तिथून वाफेची नळी जाते. तेव्हा तुझ्या वकिलाला माझ्या वतीने एवढंच विचार की त्या नळीतली वाफ भिंतीच्या अलीकडे कोणाची आणि पलीकडे कोणाची. मध्येच कुठे ती बबडीची असायची थांबते आणि थोरल्याची होते, तिथे त्याने खडूची रेघ मारून दाखवावी. नळी गरम असेल, तेव्हा हात जपून. त्याने मला समजेल असं उत्तर दिलं तर मी सही करीन. तोवर कागद बिनसहीचे परत पाठवते.

मी सांगितलं होतं हे खरं. मी कारखान्यांची वाटणी सांगितली होती; वाफेची वाटणी करायचं शास्त्र मी शिकलेले नाही आणि शिकवलेलंही नाही. मुलांना सांग, आत्याने शब्द मागे घेतलेला नाही, पुढे नेला आहे. हसतील. हसू दे.

पूल झाला की कळव. मला ती भट्टी बघायची आहे. तू म्हणतोस ती आठ-दहा वर्षं विझत नाही; मी तेवढी टिकेन याची मला खात्री नाही, म्हणून लवकर. निळी काच माझ्यासाठी जरा मोठी ठेवायला सांग, चष्म्यावरून धरावी लागेल.

वहिनीला आशीर्वाद. तुम्हा सगळ्यांचा एकत्र लोभ असाच असू दे. वेगवेगळा मला पेलणार नाही.

तुझी,
ताई